डाव्या कुशीवर

माझं हृदय दिवसभर अगदी शहाण्यासारखं वागतं. शाळेचे जिने चढून वर्गात गेले तरी त्याची तक्रार नसते, नववीच्या पोरांवर घसा फोडून ओरडले तरी नसते. जळगावच्या मे महिन्यात भर दुपारी स्कूटीवरून भाजी आणायला गेले, डोक्याचा रुमाल तापून चटके बसायला लागले, तरी ते आपलं गपगुमान चालू असतं. रात्री पाठ टेकली, दिवा मालवला, पापण्या जड झाल्या, आता डोळा लागणार एवढ्यात मात्र त्याला काहीतरी होतं. एक ठोका चुकतो. म्हणजे मला तरी तसं वाटतं. मग पुढचा ठोका असा बसतो की मी गादीवरून जवळजवळ उचलली जाते. त्यानंतर धडधड, धडधड. छातीत, गळ्यात, कानात, उशीतसुद्धा. डाव्या कुशीवर असले तर जास्त. उजव्या कुशीवर वळले की कमी होते, किंवा कमी झाल्यासारखी वाटते. उठून बसावं, पाणी प्यावं, की थांबते. पुन्हा आडवं व्हावं, पुन्हा डोळे मिटत यावेत, की पुन्हा तेच.

गंमत म्हणजे मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर मोठ्ठं हृदय काढते. चार कप्पे, मधल्या झडपा, निळ्या खडूने एक बाजू, लाल खडूने दुसरी. इतक्या वर्षांच्या सवयीने ते चित्र मी वर्गाकडे तोंड करूनही काढू शकेन. एकदा एका मुलीने विचारलं, ‘बाई, आपण झोपल्यावर हृदय काय करतं?’ मी ऐटीत सांगितलं, ‘सावकाश चालतं.’ माझं का चालत नाही हे मात्र मला काडीचं कळत नाही. याची भीती वाटते ती वेगळी, पण आधी मला त्याचा भयंकर राग येतो.

ज्याला सांगावं त्याच्याकडे उत्तर तयार. माझ्या नवऱ्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. त्याने जराही विचार न करता निदान केलं. ‘लाइनीत हवा अडकली की नळी अशीच धडधडते. गॅस आहे तुला. ओवा खा.’ मी ओवा खाल्ला. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. स्टाफरूममध्ये एकीने माझं वय विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मान हलवून म्हणाली, ‘मग होणारच, पाळी जाताना होतंच हे सगळं.’ दुसरी म्हणाली, चहा सोड. संध्याकाळचा चहा सोडला, तर डोकं ठणकायला लागलं आणि धडधड होती तिथेच राहिली. कुणी प्राणायाम सांगितला. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं म्हणे. डोळे मिटून आत लक्ष दिलं की मला दुसरं काय ऐकू येणार? मी हात टेकले.

माझा मोठा भाऊ धुळ्याला होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो झोपेत गेला. रात्री नीट जेवला, गच्चीवर फेऱ्या मारल्या, ‘पडतो जरा’ म्हणाला आणि सकाळी उठलाच नाही. कसला आजार नाही, औषध नाही, दवाखाना नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य ऐकून घेतलं, कारण त्यावर विचारण्यासारखं कुणालाच काही सुचत नव्हतं.

आणि इथेच माझा सगळा गोंधळ आहे. माझी धडधड भाऊ गेल्यानंतर सुरू झाली का? की आधीपासूनच होती आणि तो गेल्यावर मला ऐकू यायला लागली? मी कितीदा तरी आठवून पाहिलं. कधी वाटतं, नाही, तो असताना मी पडल्यापडल्या घोरायचे, नवरा साक्षीला आहे. कधी वाटतं, आधीच्या दिवाळीतही एकदा असं दचकून उठले होते. मग वाटतं, ते स्वप्न असेल. ज्या गोष्टीकडे कधी लक्षच दिलं नाही ती आधी होती की नव्हती हे आता कोण सांगणार?

शेवटी डॉक्टरकडे गेले. दिवसा गेले, कारण दवाखाने दिवसाच उघडे असतात. ईसीजी काढला. डॉक्टर कागदाची पट्टी वरखाली बघून म्हणाले, ‘एकदम छान आहे.’ मी म्हटलं, ‘अहो, पण हे दिवसाचं छान आहे. रात्रीचं काय?’ ते हसले. घरात कुणाला हृदयाचं काही, असं विचारलं. भावाचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, छातीला लावून चोवीस तास ठेवायचं एक यंत्र असतं, ते लावू, म्हणजे रात्रीचंही कळेल. लगेच या.

मी लगेच गेले नाही. म्हटलं, शाळा सुरू होतेय. मग म्हटलं, श्रावण होऊ दे. नवऱ्याने दोनतीनदा विचारलं, तर त्यालाच दुकानावरून चार शब्द सुनावले. खरं कारण मला माहीत होतं. ते कारण म्हणजे माय.

माय धुळ्याला देवपुरात राहते, माझ्या वहिनीजवळ. मुलगा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी मला फोन करते. पूर्वी तिच्या फोनमध्ये अख्खी गल्ली असायची. आता एकच प्रश्न असतो. ‘बरी शे ना तू?’ मी म्हणते, ‘बरी आहे, माय.’ ती म्हणते, ‘मंग ठेव.’ झालं. त्या यंत्रात काही निघालं, तर या प्रश्नाला मी काय सांगणार होते? एक लेकरू झोपेत गेलं, आता दुसरं रात्री उठून बसतंय, हे त्या बाईच्या कानावर कुठल्या तोंडाने घालायचं? मला मरणाची भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती मायला सांगण्याची होती. न तपासलेलं दुखणं निदान सांगावं तरी लागत नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या माहेरी कानबाई बसते. खानदेशात घरोघरी बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून, साडी नेसवून, दागिने घालून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याच्या स्वयंपाकाला रोट म्हणतात. आमच्याकडे रोटाचे गहू मोजायची रीत अशी, की कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावाने एकेक सव्वा मूठ गहू परातीत घालायचे. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. बायकांची मूठ नसते. आणि रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकांनी. लग्न करून दिलेल्या लेकीला ते चालत नाहीत. लेकी रात्रभर गातात, नाचतात, भांडी घासतात आणि वेगळ्या पिठाची पोळी खातात. मला याचा लहानपणापासून राग आहे आणि तरी मी एक वर्ष चुकवलेलं नाही. गेल्या श्रावणात भावाचं वर्षही व्हायचं होतं म्हणून कानबाई बसली नव्हती. यंदा बसणार होती.

शनिवारची सकाळची शाळा करून मी एसटीत बसले. आता गोंधळात आणखी भर बघा. एरंडोल मागे पडलं तशी मला झोप लागली. मान खिडकीवर आपटत होती, शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी माझ्या पदराला चोच मारत होती, आणि मी थेट धुळ्याच्या स्टँडपर्यंत गाढ झोपले. डावी कूस, उजवी कूस, काहीच नाही. उतरताना मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र चिडले. झोपेचाच दोष असेल तर इथे का नाही? आणि आडवं होण्याचा असेल तर मग हृदयाला माझी मान सरळ आहे की वाकडी हे कसं कळतं?

घरी गेले तेव्हा हॉलमध्ये बायकांची गर्दी होती. गहू मोजायचे होते, कारण गिरणीवाला चक्की धुऊन रोटाच्या दळणासाठी थांबला होता. माय परातीपुढे बसली होती. आमच्या घरी मूठ तीच घालते. बाजूला माझे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणतात. वहिनी सूप धरून उभी. मायची पाठ मला आधीपेक्षा वाकलेली दिसली, पण हात तसाच होता, एकही दाणा बाहेर पडत नव्हता.

‘हाई मूठ आबानी,’ ती म्हणाली आणि गहू परातीत पडले. मग आबांच्या मुलांच्या मुठी, मग त्यांच्या पोरांच्या. मग माय म्हणाली, ‘हाई मना मोठानी,’ आणि माझ्या भावाच्या नावाची मूठ रिकामी केली. वर पाव मूठ घातली. लगेच पुढची घेतली, ‘हाई त्याना पोऱ्यानी.’ माझ्या भाच्याची.

सूप वहिनीच्या हातात तसंच राहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गेलेल्या माणसाची मूठ घालत नाहीत, हे तिथल्या लहान पोरीलाही माहीत होतं. मायला तर आमच्यात सगळ्यांत जास्त माहीत. आबा मायला हळूच म्हणाले, ‘वहिनी, हाई काय करं तुम्ही?’

कुणीतरी म्हणालं, सव्वा मूठ काढून घ्या बाजूला, झालं. यावर शेजारच्या अक्का कडाडल्या, ‘घालेल दाना मांगे लेवाना नही!’ मग वाद सुरू झाला. देवीच्या नावाने परातीत पडलेला दाणा परत काढायचा नाही हेही खरं, आणि माणूस नाही त्याचा वाटा घालायचा नाही हेही खरं. शिवाय रोटाचं अन्न उरवायचं नसतं, मग त्याच्या वाटचं खाणार कोण? मी विज्ञानाच्या बाईप्रमाणे मनात म्हटलं, सगळे गहू एकत्र दळल्यावर कुणाचा वाटा कुठला हे कसं कळणार आहे? पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. भाचा म्हणाला, ‘मी खाईन पप्पांचा.’ हे ऐकून वहिनी सूप ठेवून आत निघून गेली.

मायने परात स्वतःकडे ओढली. ‘माले माहीत शे मी काय करं ते,’ एवढंच म्हणाली. पुढच्या मुठी घातल्या आणि दळण गिरणीवर गेलं.

ती चुकली होती का? का मुद्दाम केलं? मला तेव्हा कळलं नाही आणि तिने कधी सांगितलंही नाही. मला एवढंच आठवतं, की त्या सगळ्या वेळात मी माझ्या छातीकडे लक्ष ठेवून होते. आता धडधडेल, आता धडधडेल. एरवी काही कारण नसताना उसळणारं माझं हृदय त्या वेळी मात्र शांत चाललं होतं. याला काय म्हणायचं?

कानबाई बसली. नेहमीसारखी गाणी झाली, फुगड्या झाल्या. वहिनीही बायकांच्या आग्रहाने एक गाणं म्हणाली आणि मध्येच विसरली. सोमवारी सकाळी तिला पांझरा नदीवर पोचवून आलो. सगळी मंडळी रात्रभर जागलेली, त्यामुळे उन्हं चढायच्या आत जो तो जागा मिळेल तिथे आडवा झाला. हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. मी मायच्या शेजारी पडले, तिच्याकडे पाठ करून. म्हणजे डाव्या कुशीवर. वळायला जागा नव्हती.

दिवसाउजेडी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, बाहेर भंगारवाला ओरडत असताना ते आलं. डोळा लागता लागता ठोका चुकला आणि पुढचा असा बसला की मी दचकले. मग नेहमीची धडधड. मी श्वास रोखून पडून राहिले, जरा म्हणून हलले नाही. तेवढ्यात माझ्या पाठीवर मायचा तळहात आला. तो थोपटत नव्हता. नुसता ठेवलेला होता, दूध तापलंय का ते बघायला भांड्याला लावतात तसा.

‘काय व्हई राह्यनं?’ तिने विचारलं.

‘काही नाही, माय.’

हात तिथेच राहिला. ती म्हणाली, ‘त्यानी बी असंच सांगेल व्हतं.’

मी वळले. ती छताकडे बघत होती. मग तिने हळू आवाजात जे सांगितलं ते तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. त्या उन्हाळ्यात कूलर हॉलमध्ये होता म्हणून सगळे इथेच झोपायचे. भाऊ झोपता झोपता उठून बसायचा. छातीवर हात ठेवून बसायचा, पाणी प्यायचा, पुन्हा पडायचा. तिने विचारलं, ‘काय रे?’ तो म्हणाला, ‘काही नही, माय. तू झोप.’ ती म्हणाली, तो म्हणाला म्हणून मी झोपले. रोज विचारायची, रोज तो हेच म्हणायचा, आणि रोज ती कूस बदलून झोपायची. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, माझ्याच होतं.

म्हणजे तिचा संध्याकाळचा फोन. ‘बरी शे ना तू?’ मला वाटत होतं, मी तिला रोज धीर देते. ती बिचारी रोज तेच उत्तर ऐकत होती आणि फोन ठेवत होती.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. ठोका चुकतो ते, डावी कूस, ओवा, ईसीजी, ते यंत्र आणि मी ते का लावून घेतलं नाही तेही. सांगताना मला वाटत होतं, आता ही कोसळेल. ती कोसळली नाही. मध्येमध्ये तिने प्रश्न विचारले, तेही अगदी नेमके. कधीपासून? चालताना होतं का? घाम येतो का? माझ्याकडे निम्म्यांची उत्तरं नव्हती. ‘माहीत नाही’ असं म्हणायला मला त्या दिवशी लाज वाटली नाही.

ती उठली. झोपलेल्या माणसांतून वाट काढत स्वयंपाकघरात गेली आणि ताटली घेऊन आली. त्यात पुरणाची पोळी, वाटीत खीर, भोपळ्याची भाजी. रोटाची. बाजूला काढून ठेवलेली. कुणाची ते विचारायची गरज नव्हती.

‘खाय,’ ती म्हणाली.

‘माय, मी दिलेली लेक. मला चालत नाही.’

‘माले नियम माहीत शे. खाय तू.’

पलीकडे आबा जागे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर घेतलं. मी खाल्लं. माहेरच्या रोटाची चव मला लग्नानंतर पहिल्यांदा कळत होती. पोळी संपेपर्यंत माय समोर बसून राहिली. मी मायला पुन्हा काही विचारलं नाही. त्या वाट्याचं ती काय करणार हे तिने मूठ घालतानाच ठरवलं होतं, की माझ्या पाठीवर हात ठेवल्यावर, हा माझ्या गोंधळात पडलेला आणखी एक प्रश्न.

त्याच आठवड्यात ते यंत्र लावलं. माय जळगावला आली आणि माझ्या खोलीत झोपली. माझं नशीब असं की नेमक्या त्या रात्री मला शांत झोप लागली. नवरा म्हणाला, ‘बघ, हवा निघून गेली.’ डॉक्टरांना पट्टीत काही जास्तीचे ठोके सापडले. म्हणाले, असे पुष्कळांना असतात, त्यांचं काही करावं लागत नाही. तरी भावाचं ऐकून त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली, ती चांगली आली. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. ‘मग मला होतं ते काय आहे?’ मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला निम्मं कळलं. भावाला जे झालं ते हेच होतं का, असंही विचारलं. ते म्हणाले, आता ते सांगता येणार नाही.

धडधड अजून होते. रोज नाही. कधी पंधरा दिवस नाही, कधी लागोपाठ. चहा पुन्हा सुरू केलाय, त्याने काही फरक पडला नाही. नववीला हृदयाचा धडा यंदाही शिकवला. झोपल्यावर ते काय करतं हे कुणी विचारलं नाही, बरं झालं.

संध्याकाळी मायचा फोन येतो. प्रश्न तोच, ‘बरी शे ना तू?’ कधी मी बरी असते, तसं सांगते. कधी म्हणते, ‘नाही, माय. काल रात्री झालं.’ पूर्वी ती ‘मंग ठेव’ म्हणायची.

‘मंग सांग,’ ती म्हणते.